फरारी चार मिनिटं पुढं!

खोली दाखवण्याआधी आमच्या घरमालकांनी मला एकच प्रश्न विचारला होता. "तुमचं सिमकार्ड कुठल्या कंपनीचं?"

गाव कुठलं, पगार किती, लग्न कधी, घरी कोण कोण, या सगळ्यांची उत्तरं मी वाटेत घोकत आलो होतो. बेळगावात, टिळकवाडीत खोली शोधणाऱ्या एकट्या पुरुषाला ती लागतातच. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावाहून उद्यमबागेतल्या कारखान्यात रोज जा-ये करून माझं कंबरडं मोडलं होतं आणि काहीही करून ही खोली मिळवायचीच, असं ठरवून मी दारात उभा होतो. सिमकार्डाचं उत्तर मात्र तयार नव्हतं. चाचरत कंपनीचं नाव सांगितलं. गृहस्थांचा चेहरा उजळला. "छान! त्या कंपनीचं आमच्या घरात कुणी नाही," असं म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. भाडं किती, हे मागाहून त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, येऊन सांगितलं.

सगळी गल्ली त्यांना आप्पा म्हणायची, मीही म्हणू लागलो. आप्पा दिवाणी कोर्टातले वकील. म्हणजे एके काळचे. मी राहायला गेलो तेव्हा काळा कोट कपाटात जाऊन बराच काळ लोटला होता. हयात सगळी भावाभावांच्या वाटपात, सामाईक विहिरींत आणि सरकलेल्या बांधांत गेली. अंगानं काटकुळे, मान पुढं काढून चालणारे, आणि पँटच्या उजव्या पायाला सायकलची क्लिप. साखळीत पँट अडकू नये म्हणून लावतात ती. ही क्लिप घरात असतानाही पायाला असायची. लग्नकार्यालाही असायची, असं काकू सांगत.

पडवीत एक जुनी काळी सायकल होती. तिला रोज सकाळी पुसणं, तेल देणं, चाकं फिरवून बघणं हे व्हायचंच. पण आप्पा तिच्यावर बसत नसत. बाजाराला निघाले की सायकल हातात धरून चालत जायचे आणि येताना हँडलला भाजीची पिशवी लटकवून तशीच चालत आणायचे. रेल्वेचं फाटक पडलं की बाकीचे लोक गाड्या बंद करून उभे राहत, आप्पा मधूनमधून घंटी वाजवत उभे राहत. न राहवून मी एकदा विचारलं, की बसायचं नाही तर न्यायची कशाला?

"गुडघ्यानं राजीनामा दिलाय," आप्पा म्हणाले. "सायकलीनं कुठं दिलाय?"

इथवर सगळं ठीक होतं. असले घरमालक मिळतात, आणि भाडं वेळेवर दिलं की त्यांचा त्रासही नसतो. खरा प्रकार मे महिन्यात सुरू झाला. संध्याकाळी कामावरून येऊन मी खाटेवर अंग टाकलं होतं, तेवढ्यात खालून आरोळी आली.

"फरारी चार मिनिटं पुढं! फरारी चार मिनिटं पुढं! पोलीस अजून झोपेत!"

मी अनवाणीच जिना उतरलो. वकिलाच्या घरात जुना कुणी आरोपी शिरला असणार, याबद्दल मला शंका नव्हती. खाली काकू शांतपणे शेंगा निवडत बसल्या होत्या. "काय न्हाय, या, बसा," त्या म्हणाल्या. "इटलीची चाललीया."

टेबलावर कायद्याच्या जाडजूड पुस्तकांची थप्पी, थप्पीला टेकवून ठेवलेला टॅब, आणि टॅबसमोर कानाला फोन लावून उभे असलेले आप्पा. टॅबवर कुठल्याशा डोंगरातून सायकलस्वार चालले होते. आप्पा जत्रेतल्या कर्ण्याच्या आवाजात त्यांचं वर्णन करत होते. घोळक्यातून निसटून पुढं पळालेले स्वार म्हणजे फरारी. मागून येणारा मोठा घोळका म्हणजे पोलीस. संघातला मुख्य स्वार मालक, आणि मालकाला दम राहावा म्हणून दिवसभर त्याच्या पुढं राहून छातीवर वारा झेलणारे ते गडी. पंचांची मोटार दिसली की "बेलीफ आला!" अशी घोषणा व्हायची. ही भाषा मला आठवड्याभरात पाठ झाली. पुढं तर कारखान्यात साहेब राउंडला निघाले की माझ्या तोंडून "बेलीफ आला" निघून जायचं.

फोनच्या पलीकडं बोरगावचे तात्या असत.

आप्पा मूळचे निपाणीजवळच्या बोरगावचे, आणि तात्या त्यांचे तिथले जोडीदार. दोघं मिळून सायकलीवरून निपाणीच्या शाळेत गेले, आजूबाजूच्या गावांच्या जत्रांत सायकलच्या शर्यती धावले, एकमेकांशी भांडले आणि पुन्हा त्याच सायकलींवरून घरी आले. आप्पा शिकून बेळगावला कोर्टात आले. तात्यांनी गावात राहून तंबाखू आणि ऊस केला, आणि शर्यती धावण्याचं वय सरल्यावर जत्रेत कर्ण्यावरून शर्यतीचं वर्णन करायला लागले. त्यांचा आवाज पार दूधगंगा नदीपर्यंत ऐकू जातो, असं लोक म्हणत. परदेशच्या शर्यती टीव्हीवर बघायचं वेड आधी तात्यांना लागलं आणि त्यांनी ते आप्पांना लावलं.

मग साखरेच्या दुखण्यानं तात्यांची नजर गेली. आधी अंधुक झाली आणि मग गेलीच. ती गेली तेव्हा आप्पा बोरगावला जाऊन काही दिवस राहून आले. तिथं दोघांत काय ठरलं ते काकूंनाही नीट माहीत नाही. पण त्या सालापासून इटली, फ्रान्स, स्पेन, बेल्जियम, जिथं कुठं मोठी शर्यत असेल ती आप्पा डोळ्यांनी बघायचे आणि तात्या त्यांच्या तोंडून. आप्पांचा पडदा काळा झाला, की बोरगावातलाही काळा व्हायचा. त्या माणसाचा सगळा आटापिटा यासाठी होता, हे मला कळलं तेव्हा मी त्यांच्या आरोळ्यांना हसायचं बंद केलं. म्हणजे तोंडावर हसायचं तरी.

आमच्याशी बोलताना आप्पा पुस्तकी बोलायचे. तात्यांचा फोन आला की वकील गळून पडायचा आणि बोरगावचा गडी बोलायला लागायचा.

"वारा कुठनं हाय?" तात्या विचारायचे. फोन स्पीकरवर असला की आम्हाला ऐकू यायचं.

"डाव्या अंगानं. झाडं लई वाकल्यात."

"शेतात काय हाय?"

"सूर्यफूल."

"भरलंय का?"

"भरलंय. पण खुजं हाय, आपल्यागत न्हाय."

"ऊस न्हाय कुठं?"

"न्हाय रं. पल्याड समदी द्राक्षं."

"मग पाणी कमी असंल," तात्या निकाल द्यायचे आणि मग शर्यत पुढं सरकायची.

शर्यतीच्या मध्यावर स्वारांना चालत्या सायकलीवर खाण्याची पिशवी देतात. ती दिली की काकू उठून आप्पांच्या गळ्यात एक कापडी पिशवी अडकवायच्या. तिच्यात चिरमुऱ्याचा चिवडा आणि एक केळं असायचं. आप्पा उभ्याउभ्याच खायचे, कारण ते स्वारही बसून खात नाहीत. सपाट रस्त्याच्या दिवशी मात्र दोन्हीकडं सामसूम असायची. "पोलीस झोपलेत, मीही झोपतो, शेवटाला उठव," असं काकूंना सांगून आप्पा खुर्चीतच डोळे मिटायचे, आणि स्पीकरवरून तात्यांचं घोरणं ऐकू यायचं. दोघंही फोन ठेवत नसत. काकू तो फोन उचलून हळूच चार्जरला लावायच्या.

सिमकार्डाचा उलगडा मला त्या शर्यतीच्या पहिल्याच आठवड्यात झाला. घरचं इंटरनेट ऐन घाटात बंद पडलं आणि आप्पांनी जिन्याकडं तोंड करून हाक मारली, "साक्षीदार नंबर दोन!" नंबर एक घरचं इंटरनेट, नंबर दोन मी. साक्षीदार नंबर तीन मागच्या खोलीत राहणाऱ्या बँकेतल्या बाई. आम्ही आपापल्या फोनवरून आप्पांच्या टॅबला इंटरनेट पुरवायचं, हा त्या घरात राहण्याचा अलिखित करार होता. "एका कंपनीचे दोन भाडेकरू ठेवणं म्हणजे एकाच साक्षीदाराला दोनदा पिंजऱ्यात उभं करणं," आप्पांनी मला समजावून सांगितलं. माझा डेटा इटलीच्या घाटात संपायचा आणि आईला फोटो पाठवायलासुद्धा शिल्लक राहायचा नाही. सुरुवातीला मी चिडायचो. पण काकू रात्री वर गरम भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पाठवून द्यायच्या, त्यामुळं दावा कधी उभा राहिला नाही.

इंटरनेट मिळालं तरी शर्यत कुठं दाखवतात हे सापडायला हवं ना! हा शोध दर वर्षी नव्यानं करावा लागायचा. पूर्वी त्या शर्यती टीव्हीच्या एका चॅनेलवर दिसायच्या. मग टीव्हीवरून उठून त्या एका ॲपवर गेल्या. आप्पांनी टॅब घेतला, ॲपचं वर्षाचं भरलं. पुढच्या वर्षी ते ॲप दुसऱ्या ॲपनं गिळलं. दुसऱ्यानं एका सकाळी आभाराची मेल पाठवून गाशा गुंडाळला. "पक्षकारच पळून गेला," आप्पा म्हणाले आणि चपला घालून मोबाइलच्या दुकानाकडं निघाले, अर्थात सायकल हातात धरून. थंडी सरली की आप्पा भेटेल त्याला विचारत सुटायचे. दुकानदार, नेटवाला, बँकेतल्या बाई, मी. नेटवाल्याशी त्यांची भाषा प्रसंगानुसार बदलायची. काम करून घ्यायचं असलं की कन्नड, भांडायचं असलं की मराठी, आणि प्रकरण हाताबाहेर गेलं की इंग्रजी.

एका वर्षी जुलैत, फ्रान्सच्या शर्यतीचा पहिला डोंगराचा दिवस होता. हक्क एका नव्या ॲपकडं गेल्याचं मीच शोधून काढलं होतं आणि त्या दिवशी माझी कॉलर ताठ होती. ॲप उतरवलं, पैसे भरले, आणि पडद्यावर अटी-शर्ती आल्या. खाली बटण, "मला मान्य आहे." मी बोट पुढं केलं. आप्पांनी माझं मनगट धरलं.

"वाचल्याशिवाय?"

"आप्पा, कुणीच वाचत नाही हो. सगळे नुसतं दाबतात."

"माहीत आहे. न वाचता सही करणाऱ्यांच्या जिवावर हे घर उभं राहिलंय," असं म्हणून त्यांनी चष्मा पुसला आणि कलम पहिलं काढलं.

ते कलम न कलम मोठ्यानं वाचत गेले आणि प्रत्येकावर हरकत घेत गेले. काकूंनी चहा आणून ठेवला, तो निवला. बोरगावहून तात्यांचा आवाज आला, "आप्पा, घाट लागला का?"

"थांब. अजून व्याख्या चालल्यात."

थोड्या वेळानं पुन्हा, "आप्पा, फरारी किती पुढं हाईत?"

"थांब रं. हिथं लिवलंय, कंपनी कवाबी, न सांगता, सेवा बंद करू शकती. आन् पैसं मातर मी आदी भरायचं. ह्यो करार न्हवं तात्या, ही शरणागती हाय!"

बेळगावातल्या त्या दिवाणखान्यात कंपनीचे सगळे हक्क, सगळ्या सवलती आणि सगळ्या पळवाटा उघड्या पडल्या. शेवटी आप्पांनी "हक्क राखून मान्य" असं तोंडानं म्हणून बटण दाबलं. पडदा उजळला. एक घामाघूम तरुण व्यासपीठावर फुलांचा गुच्छ हलवत उभा होता. मागं लोक खुर्च्या गोळा करत होते.

"दिसाय लागलं का?" तात्यांनी विचारलं. "कोण जिंकलं?"

"कंपनी," आप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ॲपवाल्यांना इंग्रजीत सविस्तर नोटीस धाडली. पंधरवड्याची मुदत दिली होती. उत्तर एका मिनिटात आलं, की तुमचा अभिप्राय आम्हाला मोलाचा वाटतो. ते यंत्राचं उत्तर आहे हे मी परोपरीनं सांगून पाहिलं. आप्पा ऐकेनात. "मोल मान्य केलंय त्यांनी. लेखी," ते म्हणाले आणि येईल त्याला ते उत्तर दाखवत राहिले.

माणूस असा सरळ, की त्याचाच त्रास व्हायचा. माझ्या कारखान्यातल्या एकानं एकदा एक लिंक दिली. फुकट, चकाचक, सगळ्या शर्यती. मी हौसेनं लावून दिली. शर्यत दिसली खरी, पण तिच्या चहूबाजूंनी पत्ते, जुगार आणि तोकड्या कपड्यांतल्या बायका नाचायला लागल्या. काकू पाठ फिरवून स्वयंपाकघरात गेल्या. आप्पांनी टॅब पालथा घातला. "हा चोरीचा माल आहे. चोरीचा माल घेणाराही चोरच," ते म्हणाले. तात्या पलीकडून विनवत होते, "दिसतंय न्हवं? मग सांग की लेका!" पण आप्पांनी त्या दिवशी शर्यत सांगितली नाही. जेवणही नीट केलं नाही. तात्यांना उपाशी ठेवून आपण जेवतोय, असं त्यांना वाटत होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

मग मी त्यांना दुसरा मार्ग सुचवला. बेल्जियमच्या सरकारी टीव्हीवर शर्यत फुकट दाखवतात, पण फक्त तिथल्या रहिवाशांना. फोनमध्ये एक ॲप घातलं की आपण बेल्जियममध्ये बसलोय असं त्यांच्या यंत्राला वाटतं.

आप्पा माझ्याकडं बघतच राहिले. "म्हणजे मी बेल्जियमचा रहिवासी, असं खोटं सांगायचं?"

"सांगायचं नाही. नुसतं बटण दाबायचं."

"अरे, आपण कुठल्या राज्यात राहतो, एवढ्या एका प्रश्नावर इथं दोन पिढ्या कोर्टात आणि रस्त्यावर गेल्या. त्यांनी कधी खोटा पत्ता सांगितला नाही. आणि तू मला चहा निवायच्या आत बेल्जियमला नेऊन बसवतोस?"

मीही सीमाभागातच वाढलेला, मी फोन खिशात घातला. आप्पांनी गुपचूप मिळेल त्या रीतसर ॲपचे पैसे भरले आणि ते चालावं म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांचे भाडेकरू सांभाळले.

आणि मग तो जुलै आला.

तात्यांचा एक लाडका स्वार होता. नाव दोघांच्याही जिभेवर नीट बसायचं नाही, म्हणून त्याला ते लांबड्या म्हणत. हा मालक नव्हता, गडी होता. वर्षानुवर्षं दुसऱ्यांसाठी वारा खाल्ला, पाण्याच्या बाटल्या वाहिल्या, आणि घाटाच्या तोंडाशी मालकाला सोडून मागं पडला. शर्यत त्यानं एकही जिंकली नव्हती. तात्यांनी त्याला डोळे शाबूत असताना टीव्हीवर पाहिलं होतं. तेव्हाचे बाकीचे सगळे स्वार एकेक करून निवृत्त झाले होते. आता शर्यतीत जे धावत होते त्यांतला ज्याचा चेहरा तात्यांना आठवत होता, असा हा शेवटचा. बाकीची सगळी नुसती नावं. आणि लांबड्यानं जाहीर केलं होतं, की ही फ्रान्सची शर्यत झाली की मी सायकल ठेवणार.

डोंगराच्या दिवशी तात्यांनी सकाळीच फोन करून सांगितलं होतं, "आज त्यो पळतोय बघ." मी कारखान्यातून लवकर सुटून आलो. बाहेर पाऊस, दिवाणखान्यात दोऱ्यांवर ओले कपडे, त्यांच्याखाली मान वाकवून उभे आप्पा. आणि खरंच, लांबड्या पळाला होता. फरारींत आधी चौघे होते, मग दोघे, आणि शेवटच्या घाटाच्या पायथ्याला तो एकटा उरला. आप्पांचा आवाज फाटला होता. काकू गॅस बंद करून बाहेर येऊन बसल्या होत्या.

"एकटा हाय तात्या! एकटा! पोलीस दोन मिनिटं मागं! घाट लाग—"

टॅबचा पडदा काळा झाला. मग पांढरी अक्षरं आली. तुमच्या प्रदेशात हा कार्यक्रम उपलब्ध नाही.

आप्पांनी माझ्याकडं हात केला. मी माझं इंटरनेट दिलं. तेच. बँकेतल्या बाई धावत आल्या, त्यांचं दिलं. तेच. साक्षीदार सगळे हजर होते, खटलाच निकालात निघाला होता. फोनमधून तात्या हाका मारत होते, "आप्पा? घाट लागला न्हवं? आप्पा?"

आप्पांनी फोनवर तळहात ठेवला. माझ्याकडं बघितलं.

"तुझं ते बेल्जियम," ते हळूच म्हणाले. "दाब."

"आप्पा?"

"दाब म्हणतो ना. मी बेल्जियमचा. दाब लवकर!"

मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगायला हवं. उभ्या आयुष्यात त्या माणसानं एक खोटं अक्षर कागदावर येऊ दिलं नव्हतं, आणि तो माझ्यासमोर बोरगावच्या मित्रासाठी आपलं गाव, राज्य आणि देश सोडायला तयार झाला होता. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण वेळ नव्हता, मी ॲप उतरवायला लागलो. पडद्यावर एक गोल फिरायला लागला. फिरतच राहिला.

"आप्पा, बोल की रं!"

काकूंनी खूण केली, काहीतरी सांगा. आप्पांनी तळहात काढला आणि खाकरले.

"स्वार... हे... सर्वसाधारणपणे घाट चढत असावेत. म्हणजे, तसं मानायला जागा आहे. अंतर... अंतराबाबत या टप्प्यावर निश्चित विधान करणं..."

मग तात्या म्हणाले, "आप्पा, तू वकिलागत बोलाय लागलास. बंद पडलं न्हवं?"

आप्पा खुर्चीत बसले. शर्यत चालू असताना मी त्यांना जागेपणी बसलेलं त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

"बंद पडलं रं तात्या," ते म्हणाले. "मला काय दिसंना. ऐन वक्ताला... माझ्याकडनं हुईना झालं."

आणि फोनमधून हसू आलं. आधी खुसखुस, मग मोकळं, जत्रेतलं.

"मग गप बस खाली, आन् ऐक. मी सांगतो."

"तू? तू काय सांगतोस?"

"सुनेनं लावून दिलंय. रेडिओगत हाय, गोऱ्याचं नुसतं बोलणं. एका कानाला त्यो, एका कानाला तू."

"कवापासनं?"

"झालं की साल."

"आन् मला का न्हाय सांगितलंस?" आप्पा ओरडले. "हिकडं मी जिवाचं रान करतोय!"

"सांगितलं असतं तर तू सांगायचा थांबला असतास. गोरा काय सांगतोय? नुसतं आकडं. मला तुज्या तोंडची शर्यत लागती."

काकूंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या ते मला कळलं नाही, मला माझंही कळत नव्हतं.

"पण तुला इंग्रजी कुठं कळतंय?" आप्पांनी कसंबसं विचारलं.

"नाव कळतंय, आकडा कळतोय, आन् घसा कळतोय. जल्मभर कर्ण्यावर बोललोय मी. गोऱ्यानं आत्ता घसा ताणलाय. गप! गप! मागनं कुणीतरी सुटलाय..." आणि तात्यांनी आवाज लावला. तो आवाज दूधगंगेपर्यंत का जायचा ते मला त्या दिवशी समजलं. "फरारी एकला! फरारी एकला हो! मागनं तरणं पोरगं सुटलंय, पर म्हाताऱ्याचा हात सुटंना! दीड मिनीट! सव्वा मिनीट! चढ आला, चढ आला, बुड उचललं त्यानं! ए सोडू नगं! ए लांबड्या, सोडू नगं!"

मी बेल्जियमचं बटण सोडून दिलं. टॅब तसाच पुस्तकांना टेकून फिरत्या गोलासकट पडून राहिला, कुणी त्याच्याकडं बघितलंही नाही. बँकेतल्या बाई जिन्याच्या पायरीवर बसल्या. आप्पांनी डोळे मिटून घेतले होते आणि त्यांचा क्लिपवाला पाय जमिनीवर आपोआप हलत होता.

"वारा कसा हाय तात्या?" त्यांनी विचारलं.

"तोंडावर हाय. पर त्यो खाणार. त्यो वाराच खात आलाय जल्मभर. आज सोतासाटी खातोय! येक मिनीट! वळण! शेवटचं वळण! गोरा आरडाय लागला, ऐकतोस का, खुळा झाला गोरा! आला! लांबड्या आला! एकला आला रं आप्पा, एकला आला!"

आम्ही सगळे उभे राहून ओरडत होतो. काकूंनी ओला टॉवेल दोरीवरून ओढून हवेत फिरवला. शेजारचे लोक फाटकापाशी येऊन बघायला लागले. आप्पा मात्र खुर्चीतच होते, डोळे मिटून, दोन्ही हातांनी स्पीकरवरचा फोन कानाशी धरून. पलीकडं तात्यांना दम लागला होता आणि ते हळू आवाजात सांगत होते, आता आरोळी नव्हती.

"हात वर केल्यात त्यानं. लई थकलाय. तांबडा सदरा हाय अंगात, घामानं काळा पडलाय, पर तांबडाच. माज्या डोळ्यापुढं हाय बघ अगदी."

मी आप्पांकडं बघितलं. तात्यांनी पाहिलेला तो तांबड्या सदऱ्याचा संघ सोडून लांबड्या कधीच दुसऱ्या संघात गेला होता आणि त्याच्या अंगात निळा सदरा होता. संध्याकाळभर आम्ही सगळ्यांनी तो निळाच बघितला होता, आप्पांनी तर सगळ्यांत जवळून. मिटल्या डोळ्यांनीच त्यांनी एक बोट वर करून मला गप्प राहायची खूण केली.

"दिसतोय का तुला आप्पा?" तात्यांनी विचारलं.

"दिसतोय की," आप्पा म्हणाले. "तांबडाच हाय."